सव्वातीन हजार वॅट आणि छत्तीस अंडी

"वीज म्हणजे काय हो, तीन आकड्यांचा खेळ! व्होल्टेज, करंट आणि रोध. यातले कुठलेही दोन द्या, तिसरा मी झोपेत काढून देतो. वर पॉवर फुकट!"

हे वाक्य फॉर्म्युलाराव आठवड्यातून एकदा तरी म्हणायचेच. जिन्यात म्हणायचे, किराणा दुकानात म्हणायचे, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसले तरी म्हणायचे. नव्या माणसाला वाटावं, केवढा मोठा शास्त्रज्ञ या इमारतीत राहतो! प्रत्यक्षात हे गृहस्थ एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. शाळा-कॉलेजांची गाइडं छापणारा छापखाना. तिथे बावीस वर्षं खुर्ची झिजवून त्यांनी पदार्थविज्ञानाच्या गाइडाच्या अकरा आवृत्त्या तपासल्या होत्या. वर्गाचा चिमुकला दोन कुठे खाली घसरलाय, भागाकाराची रेघ कुठे तोकडी पडलीय, हे त्यांना हातभर अंतरावरून दिसायचं. सूत्रं सगळी तोंडपाठ. बावीस वर्षांत फक्त एक गोष्ट करायची राहून गेली होती, ती म्हणजे वायरीला हात लावणं. घरातला बल्ब गेला तरी बायकोच स्टुलावर चढायची आणि हे खालून व्होल्टेज सांगायचे.

इमारतीनं त्यांना 'फॉर्म्युला' हे नाव ठेवलं होतं. तोंडावर मात्र पुढे 'राव' लावायची सभ्यता सगळे पाळायचे. त्यांना तो सत्कार वाटायचा!

तर अशा या फॉर्म्युलारावांच्या घरात, त्यांच्या प्रुफं तपासायच्या खोलीत, गेले चार महिने एक लाकडी कपाट उभं होतं. कपाटात चार बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची थाळी, थर्मामीटर आणि तीन फळ्यांवर मांडलेली छत्तीस अंडी. अंडी उबवायचं यंत्र! बायकोनं ते स्वतः उभं केलं होतं. ती ज्या कारखान्यात पॅकिंगला होती तो बंद पडला, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं तिनं दारोदार काम मागितलं आणि सगळीकडून "कळवतो" एवढंच ऐकलं. शेवटी गावाबाहेरचा एक कोंबडीवाला म्हणाला, "माझी अंडी उबवून द्या. एका खेपेला तीस पिल्लं निघाली तर वर्षभराचं काम तुमचं." त्यावर ती कामाला लागली. पहिल्या खेपेला पंखा अडकला. दुसऱ्या खेपेला थाळीतलं पाणी आटलं. ही तिसरी खेप.

"ही पण गेली ना," ती नवऱ्याला म्हणाली होती, "तर कपाट मोडून टाकते. खोली तुमची, टेबल तुमचं, आणि मी बसते खिडकीत."

हे ती हसत म्हणाली होती, पण त्या दिवसापासून ती पहाटे उठून अंडी फिरवायची. अठरा दिवस एकही पाळी चुकवली नव्हती. आता फिरवायचंही काम संपलं होतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर यायची.

आणि नेमकं एकोणिसाव्या दिवशी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं!

"अहो, दोनच दिवसांचा प्रश्न आहे," पिशवी भरता भरता ती म्हणाली. "काही करायचं नाही. थाळीत पाणी घालायचं. थर्मामीटर साडेसदतीसवर आहे का बघायचं. कपाट उघडायचं नाही. बल्बना हात लावायचा नाही. काही वाटलंच तर समोरच्या वायरमनबाईंना हाक मारायची."

"मी? त्या बाईला हाक मारू?" फॉर्म्युलारावांनी नाक मुरडलं. "अगं, आठवी शिकलीय ती!"

वायरमनबाई म्हणजे समोरच्या दाराची शेजारीण. वडिलांच्या हाताखाली वायरिंग शिकली, वडील गेल्यावर त्यांचीच पिशवी खांद्याला लावून कामाला लागली. अर्ध्या गावाचे दिवे तिनं लावलेले. कपाटातली जोडणीही तिचीच. फॉर्म्युलारावांना तिचा एक मुलखावेगळा राग होता. ही बाई कागदावर काहीही न मांडता काम करायची, आणि ते काम चालायचं!

"आठवी तर आठवी. हाक मारा," बायको म्हणाली आणि निघाली.

ती बसमध्ये बसली असेल-नसेल, इकडे फॉर्म्युलारावांनी कपाट उघडलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बायको नाही, रजा आहे, घरात वायरमनबाईचा रोध मोजायचा जुना मीटर पडलेला आहे. मग या जोडणीची एकदा शास्त्रीय तपासणी व्हायलाच हवी! चूक सापडली की बायकोला समजेल, घरात कोणाचा शब्द चालायला हवा. त्यांनी चारपैकी एक बल्ब हातरुमालानं धरून बाहेर काढला. तो चटका देत होता, म्हणून टेबलावर ठेवून चांगला गार होऊ दिला. इथेच सगळं फिसकटलं. पण ते समजायला अजून दीड दिवस अवकाश होता.

गार बल्बला मीटरची दोन टोकं लावली. आकडा आला, पासष्ट ओहम.

फॉर्म्युलारावांनी कागद ओढला. लाल पेन काढलं. व्होल्टेज दोनशे तीस, त्याचा वर्ग बावन्न हजार नऊशे, भागिले पासष्ट. उत्तर लिहिलं आणि ते खुर्चीतून उडाले.

आठशे तेरा वॅट!

बल्बवर छापलं होतं साठ. फॉर्म्युलाराव त्या साठकडे बघून खदखदून हसले. छापलेल्यात चूक सापडली की त्यांना असंच हसू यायचं. चार बल्बांचे सव्वातीन हजार वॅट! भागिले दोनशे तीस, म्हणजे चौदा अँपियर! आणि बाईनं ते जोडलेत कुठे, तर सहा अँपियरच्या साध्या सॉकेटला!

आता साधा माणूस इथे थांबून विचार करतो, की बाबा, चौदा अँपियर जात असते तर ते सॉकेट पहिल्याच दिवशी वितळलं असतं. सहाचा फ्यूज एव्हाना दहा वेळा उडाला असता. आपलंच काहीतरी चुकलंय. पण फॉर्म्युलाराव साधा माणूस कुठे होते? त्यांनी फ्यूजच्या डबीकडे बघितलं आणि निकाल दिला, "फ्यूज सदोष आहे!"

बल्ब त्यांनी परत लावला. एवढा उपकार केला. मग दार लावून नवा कागद घेतला, आणि दुपारी बाराच्या सुमारास जिन्यातल्या फळ्यावर लाल अक्षरात सूचना झळकली.

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, साठ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक बल्ब प्रत्यक्षात आठशे तेरा वॅट वीज खातो. प्रस्तुत लेखकाने हे स्वतः मोजले आहे. आमच्या घरी चार बल्बांचे मिळून सव्वातीन हजार वॅट होत आहेत. इमारतीच्या वायरिंगला गंभीर धोका आहे. सावध राहावे.'

खाली सही. सहीखाली सगळं गणित, तीन पायऱ्यांत.

संध्याकाळी वायरमनबाई कामावरून आली. पिशवी खांद्यावर, केसांत चुन्याची धूळ. तिनं फळ्यापाशी थांबून सूचना सावकाश वाचली. फॉर्म्युलाराव योगायोगानं तिथेच उभे होते. म्हणजे तासाभरापासून योगायोगानं उभे होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "बल्ब मोजताना गार होता का तापलेला?"

"गार! तापलेल्या बल्बला कोण हात लावेल?"

"मग तो आकडा धरायचा नसतो हो. त्याची तार तापली ना की..."

"बाई, बाई, बाई!" फॉर्म्युलारावांनी हात वर केला. "ओहमच्या नियमात गार आणि गरम असलं काही नसतं. हा नियम मी अकरा वेळा वाचलाय. अकरा! तुम्ही किती वेळा वाचलाय?"

"एकदाही नाही," ती म्हणाली.

"झालं तर मग!"

तिनं खांदे उडवले. "ताई येईपर्यंत कपाटाला हात लावू नका म्हणजे झालं. मी उद्या पाचपर्यंत नाही, पलीकडच्या गावात काम आहे." एवढं बोलून ती घरात गेली. फॉर्म्युलारावांना कोण आनंद झाला! आठवीला त्यांनी गप्प बसवलं होतं.

हा आनंद रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. मग त्यांच्या डोक्यात नवा किडा शिरला. सव्वातीन हजार वॅट चार महिने जळत असतील, तर वीजबिल एवढंसं कसं येतं? ते स्टूल घेऊन भिंतीवरच्या वीजमीटरसमोर बसले. घरातला बाकी सगळा दिवा-पंखा बंद केला आणि चार तास मीटरकडे बघत राहिले. गणिताप्रमाणे तेरा युनिटं जळायला हवी होती. मीटरनं दाखवलं एक!

"चोर!" ते मीटरला म्हणाले.

इथे तरी एखाद्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. बल्ब म्हणतोय साठ, फ्यूज म्हणतोय ठीक आहे, मीटर म्हणतोय एक युनिट, बाई म्हणतेय तार तापते. चौघं एका बाजूला आणि हा एकटा लाल पेन घेऊन दुसऱ्या बाजूला! पण गेली बावीस वर्षं जे कागदावर आहे ते बरोबर आणि त्याच्याशी जे जुळत नाही ते चूक, हेच तर त्यांचं काम होतं. त्यांनी रीतसर अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वीज कचेरीची खिडकी उघडली तेव्हा पहिला नंबर यांचा होता. आतल्या कारकुनानं अर्ज वाचला. परत वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"तुमचा मीटर पळतोय, अशी तक्रार आहे ना?"

"छे! मीटर रांगतोय! तेरा युनिटं जळतात तिथे एक दाखवतो. हे बघा गणित."

"म्हणजे तुम्हाला बिल कमी येतं."

"तेरा पटीनं!"

"आणि ही तुमची तक्रार आहे."

"अर्थात! मी शास्त्राला धरून चालणारा माणूस आहे."

कारकून अर्ज घेऊन आत गेला. आतून आधी कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग तीन-चार माणसांचं हसणं आणि शेवटी तपासनीस स्वतः बाहेर आला. जाडजूड, गंभीर, हातात कुलूपबंद पेटी. कचेरीच्या इतिहासात एवढ्या झटपट कुठल्या अर्जावर कारवाई झाली नसेल! साडेअकराला तपासनीस फॉर्म्युलारावांच्या दारात उभा होता, आणि बाराला त्यांचा मीटर भिंतीवरून उतरून पेटीत गेला होता.

पंखा थांबला. कपाटाच्या फटीतून येणारा पिवळा उजेड विझला.

"अहो, हे काय? वीज?" फॉर्म्युलाराव म्हणाले.

"मीटर प्रयोगशाळेत जाणार. तपासणी होणार. नवा मीटर उद्या दुपारी."

"उद्या? पण आत अंडी आहेत! छत्तीस! त्यांना साडेसदतीस अंश लागतं!"

"तेरा पटीनं वीज वापरून कमी नोंद होतेय, असं तुम्हीच लिहून दिलंय." तपासनिसानं अर्ज दाखवला. "गणितासकट. सहीसकट. अशा ठिकाणी जोडणी चालू ठेवली तर माझी नोकरी जाईल. एक तर मीटर खोटा आहे, नाही तर तुम्ही कुठून तरी चोरून वीज घेताय, नाही तर..."

"नाही तर काय?"

तपासनिसानं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "ते प्रयोगशाळा सांगेल," तो म्हणाला आणि पेटी उचलून निघून गेला.

थंडीचे दिवस. खिडकीबाहेर ऊन होतं, पण खोलीत स्वेटर घालावा असा गारवा. फॉर्म्युलारावांनी कपाटाच्या काचेतून थर्मामीटर बघितला. छत्तीस. पाच मिनिटांनी पस्तीस. बायको पहाटे उठून अंधारात अंडी फिरवताना हळू आवाजात त्यांच्याशी काहीतरी बोलायची, ते त्यांना आत्ताच का आठवावं कोण जाणे!

ते जिन्यानं धावत खाली गेले. तळमजल्यावर शिंपीणबाईचं घर.

"एक वायर टाकू द्या हो तुमच्या खिडकीतून! फक्त चार बल्ब लावायचेत!"

शिंपीणबाईनं मशीन थांबवलं. "चार बल्ब? म्हणजे सव्वातीन हजार वॅट!"

"अं?"

"फळ्यावर वाचलं ना! काल सगळे बल्ब काढून टाकले मी, मेणबत्तीवर जेवलो आम्ही. आणि आता तुमचं सव्वातीन हजार माझ्या सॉकेटला? माझं मशीन जळालं तर?"

"नाही हो, तसं नाही, ते साठच..."

"साठ? मग फळ्यावर खोटं लिहिलंत?"

एक शब्द बोलायचा होता, 'चुकलं'. तेवढा तोंडातून निघेना. ते म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण तुम्ही काळजी करू नका." शिंपीणबाईनं दार लावून घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या पोस्टमननं दार उघडलंच नाही, आतूनच "फळा वाचलाय!" म्हणून ओरडला. गच्चीलगतच्या खोलीतल्या आजोबांनी तर त्यांनाच सल्ला दिला, की एवढी वीज वापरणं शोभत नाही. समोरच्या दाराला कुलूप होतं. वायरमनबाई पाचपर्यंत येणार नव्हती.

वर आले तर फोन वाजत होता.

"अहो, किती आहे?" बायकोचा आवाज.

"आईंचं ऑपरेशन कसं झालं?"

"झालं छान. किती आहे तापमान?"

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"अहो!"

"चौतीस," फॉर्म्युलाराव म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. बल्ब, फळा, अर्ज, पेटी, शिंपीणबाई. सांगताना आवाज बारीक होत गेला. रडते की काय म्हणून त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"बाटल्यांत गरम पाणी भरून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"खबरदार! उकडून टाकाल." मग ती एकेक शब्द तोडून म्हणाली, "दुलई काढा. पलंगावर आडवे व्हा. अंडी अंगाशी घ्या. सगळी. वरून दुलई. आणि हलायचं नाही."

"मी? अंडी उबवू?"

"तुमचं अंग सदतीस अंश असतं ना?"

"हो, आणि शास्त्रीयदृष्ट्या माणूस स्वस्थ पडून राहिला तरी साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो," फॉर्म्युलाराव सवयीनं बोलून गेले. शरीरशास्त्राचं गाइडही त्यांनीच तपासलं होतं.

"मग द्या ते शंभर! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा मागतेय!"

फोन बंद झाला.

पुढचे साडेचार तास फॉर्म्युलारावांच्या आयुष्यातले सर्वांत शांत तास म्हणायला हरकत नाही. शर्ट काढून, स्वेटरची हौस मनात ठेवून ते पलंगावर उताणे पडले. दोन्ही कुशींना बारा-बारा अंडी, काखांत दोन-दोन, उरलेली आठ पोटावर वळकटीच्या कुंपणात. वर दुलई, दुलईवर जुनी शाल, शालीवर अकराव्या आवृत्तीचा प्रुफांचा गठ्ठा. तो गठ्ठा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होता! काखेत थर्मामीटर. नाकाला खाज सुटली तर सोसायची. शिंक आली तर गिळायची. एकदा पायात गोळा आला, तेव्हा त्यांनी दातांखाली चादर धरली पण पोट हलू दिलं नाही. हे मात्र खरं, कबूल करायला हवं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दार उघडंच होतं. आधी शिंपीणबाई डोकावली, मग पोस्टमन, मग धापा टाकत आजोबा. तिघं पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून बघत राहिले.

"बसला आहात का?" आजोबांनी चौकशी केली.

"झोपलोय!"

"कोंबडी बसते हो."

"दाणे आणू का थोडे?" पोस्टमन म्हणाला.

"किती वॅट चालू आहेत आत्ता?" शिंपीणबाईनं विचारलं. फॉर्म्युलारावांना उत्तर माहीत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते दिलं नाही.

पाच वाजता वायरमनबाई आली. दारातली गर्दी बाजूला करून तिनं पलंगाकडे बघितलं. आपल्या घरी गेली, वायरीचं भेंडोळं घेऊन आली, आपल्या सॉकेटला एक टोक आणि कपाटाला दुसरं. बल्ब लागले! पंखा फिरला! मग पिशवीतून तिनं चिमट्यासारखा मीटर काढला, जळत्या बल्बांच्या वायरीला बाहेरूनच अडकवला आणि पलंगापाशी येऊन आकडा दाखवला.

"काय लिहिलंय, वाचा भाऊजी."

"एक पूर्णांक शून्य चार," फॉर्म्युलाराव दुलईतून म्हणाले.

"अँपियर. चारही बल्बांचा मिळून. व्होल्टेज दोनशे तीस. आता करा गुणाकार."

फॉर्म्युलारावांनी डोळे मिटले. "दोनशे चाळीस वॅट."

"चारांनी भागा."

"साठ."

"काय छापलंय बल्बवर?"

फॉर्म्युलाराव छताकडे बघू लागले.

"एका बल्बचा रोध किती आला? व्होल्टेज भागिले करंट. एका बल्बला पाव अँपियरच्या जरा वर."

"आठशे... आठशे पंच्याऐंशीच्या आसपास."

"आणि गार असताना पासष्ट. तार तापली की रोध वाढतो हो. गाढ झोपलेल्या माणसाची नाडी मोजून तो पळताना किती धापा टाकेल ते सांगत होतात तुम्ही. चालू बल्बचं विचारायचं तर चालू बल्बलाच विचारावं लागतं. मला शाळेत नाही शिकवलं, पण बोटं भाजली की समजतं."

"पण नियमात तसं कुठे लिहिलंय?" फॉर्म्युलाराव कळवळून म्हणाले. शेवटचा किल्ला होता त्यांचा!

शिंपीणबाईला काय सुचलं कोण जाणे. तिनं दुलईवरच्या गठ्ठ्यातलं पान काढलं. ओहमच्या नियमाचंच पान निघालं. तिनं बोट लावून मोठ्यानं वाचलं, "'तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना, वाहकातून जाणारा...'"

"थांबा, थांबा! पहिलं काय म्हणालात?" वायरमनबाईनं विचारलं.

"'तापमान कायम असताना.' आणि पुढे लाल पेनानं स्वल्पविराम घातलाय."

तो स्वल्पविराम फॉर्म्युलारावांनीच घातला होता. अकरा आवृत्त्यांत तो प्रत्येक वेळी निसटायचा, आणि प्रत्येक वेळी हे तो पकडून जागेवर बसवायचे. स्वल्पविरामाच्या अलीकडे काय लिहिलंय, तिकडे बघायला बावीस वर्षांत सवड झाली नव्हती.

तेवढ्यात दुलईतून आवाज आला, "चीं."

"मी नाही!" फॉर्म्युलाराव ओरडले.

वायरमनबाईनं हळूच दुलई उचलली. पोटावरच्या आठांपैकी एका अंड्याचं टोक फुटलं होतं आणि त्यातून एक ओलसर चोच बाहेर आली होती. एक दिवस आधीच! फॉर्म्युलाराव मान उचलून त्या चोचीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही काखांत दोन-दोन होती.

एकेक अंडं कपाटात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पिशवी दारातच टाकून आत धावली, तेव्हा कपाटात चिवचिवाटाचा बाजार भरला होता. तिनं एकेक करून मोजली. एकतीस झाली तेव्हा ती जमिनीवर बसली. संध्याकाळपर्यंत तेहतीस झाली. कोंबडीवाल्यानं येऊन बघितलं आणि वर्षभराचं काम दिलं. प्रुफांचं टेबल त्याच दिवशी स्वयंपाकघरात गेलं. त्यावर कुणी चर्चा केली नाही, टेबलाच्या मालकानंही नाही.

आठवड्यानं वीज कचेरीचं पत्र आलं. 'मीटर पूर्णपणे निर्दोष आढळला. अर्जदाराची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत होत नाही.' फळ्यावरची सूचना बायकोनं काढू दिली नाही. फॉर्म्युलारावांनी लाल पेनानं तीत दुरुस्त्या केल्या, तीन पायऱ्यांच्या जागी दोन, आणि 'प्रस्तुत लेखकाने' खोडून त्याच्या वर 'वायरमनबाईंनी'. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते.

फॉर्म्युलारावांना वाटलं, प्रकरण मिटलं. एका संध्याकाळी त्यांनी वायरमनबाईला बायकोशी बोलताना ऐकलं. "ताई, आता वर्षभराचं काम आहे. मध्येच वीज गेली तर? एक बॅटरी घेऊन ठेवा. शंभर वॅटची असली तरी तेवढ्या वेळापुरती ऊब टिकेल."

"कशाला?" बायको पिल्लांना पाणी ठेवता ठेवता म्हणाली. "शंभर वॅटची घरात आहे की. फक्त बोलू द्यायचं नाही आणि उताणी झोपवायची."